तीन मतांचं गाणं

गेल्या पावसाळ्यात एका रात्री झोप येत नव्हती म्हणून यूट्यूबवर 'अ‍ॅबा'चं 'वॉटरलू' लावलं. १९७४ सालची ती क्लिप तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. चंदेरी बूट, चमचमते कपडे आणि ऑर्केस्ट्रा चालवणारा गृहस्थ चक्क नेपोलियनच्या वेशात. गाणं संपलं आणि ऑटोप्लेने त्याच रात्रीचं, त्याच रंगमंचावरचं दुसरं गाणं पुढे सरकवलं. पोर्तुगालचं. गायक पाउलो द कार्व्हालो, गाणं 'ए देपोइश दो अदेउश'. बंद करायला बोट पुढे नेलं होतं, पण त्या शेवटच्या शब्दावर थांबले. अदेउश. हा शब्द मला ठाऊक होता. गोव्यात लग्नाचा, जेवणावळीचा कार्यक्रम संपत आला की मांडो म्हणतात, आणि निरोपाचा जो सगळ्यांत लाडका मांडो आहे, तोर्कातो द फिगेरेदो यांचा, तो याच शब्दाने सुरू होतो. पोर्तुगीज गाण्याच्या नावाचा अर्थ 'आणि निरोपानंतर'.

गाणं पूर्ण ऐकलं. संथ सुरुवात, मग हळूहळू चढत जाणारा ऑर्केस्ट्रा, शेवटाकडे गायक पूर्ण आवाज लावतो. कुणीतरी सोडून गेलंय आणि मागे राहिलेला माणूस स्वतःशी हिशेब मांडतोय. त्या काळात युरोपात अशी गाणी शेकड्याने झाली असतील. वाईट नाही, पण थोर म्हणावं असंही काही नाही. सवयीने माहिती शोधली. ६ एप्रिल १९७४, इंग्लंडमधलं ब्रायटन, १७ देश, पोर्तुगालला ३ गुण. शेवटचा नंबर, तोही नॉर्वे, पश्चिम जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्याबरोबर वाटून घेतलेला.

पुढचं वाचलं आणि उठून बसले. ब्रायटननंतर १८ दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री, हेच हरलेलं गाणं लिस्बनच्या एका रेडिओ स्टेशनवरून वाजलं. तो इशारा होता. तो ऐकून पोर्तुगालच्या सैन्यातले तरुण अधिकारी ४८ वर्षांची हुकूमशाही उलथवायच्या तयारीला लागले. ही तीच हुकूमशाही, जिने गोवा सोडायला शेवटपर्यंत नकार दिला. माझ्या आजीचं माहेर तिच्या ताब्यात होतं.

आजी पेडण्याची. लग्न होऊन आली बांद्याला. आज स्कूटरवर अर्धा-पाऊण तास. १९५३ साली तिचं लग्न झालं तेव्हाही ते फार दूर नव्हतं, पण पुढच्या दोन वर्षांत भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि त्यानंतर ते अर्ध्या तासाचं अंतर साडेसहा वर्षांचं झालं. तिचे वडील १९५८ साली गेले. तिला ते अकराव्या दिवशी कळलं, कुणाच्या तरी तोंडून. हे ती कधी रडून सांगत नाही. बाजारहाटाच्या गोष्टी सांगाव्यात तशी सांगते, म्हणून ऐकणाऱ्याला जास्त लागतं.

तर हे गाणं मला सोडेना. पुढचे काही महिने मी पोर्तुगालची युरोव्हिजनमधली गाणी ऐकत आणि त्यामागचा इतिहास वाचत काढले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

आधी स्पर्धेबद्दल थोडं, कारण आपल्याकडे ती कुणी फारशी पाहत नाही. युरोव्हिजन गाण्याची स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावात सुरू झाली. इटलीतल्या सानरेमो महोत्सवावरून कल्पना उचललेली. युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती, टीव्ही नवा होता, आणि एकाच वेळी अनेक देशांत थेट प्रक्षेपण करता येतं का हे तिथल्या प्रसारण संस्थांच्या संघाला पाहायचं होतं. पहिल्या वर्षी ७ देश होते. प्रत्येक देशाचं सरकारी किंवा सार्वजनिक चॅनल आपलं गाणं पाठवतं, म्हणजे गायक एकटा जात नाही, मागे देशाचा झेंडा येतो. 'सारेगमप'मध्ये आपला जिल्हा हरला की आपल्याला जे होतं तेच, फक्त देशाच्या मापाचं.

पोर्तुगाल यात पहिल्यांदा उतरलं १९६४ साली, कोपनहेगनला. अंतोनियो काल्व्हारियो 'ओरासांव', म्हणजे 'प्रार्थना' नावाचं गाणं गायला आणि त्याला शून्य गुण मिळाले. शून्य! त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोन गाण्यांच्या मधे एक माणूस फलक घेऊन थेट रंगमंचावर घुसला. फलकावर लिहिलं होतं की फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका. फ्रँको स्पेनचा हुकूमशहा, सालाझार पोर्तुगालचा. त्याला लगेच ओढून बाहेर नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू झाला. म्हणजे पोर्तुगालच्या गायकाला पहिल्या रात्रीपासूनच गाण्याबरोबर सालाझारही सोबत न्यावा लागला.

हा आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली, त्यांनी याला अर्थमंत्री केलं, १९३२ साली तो पंतप्रधान झाला आणि १९६८ साली खुर्चीवरून पडून मेंदूला मार लागेपर्यंत पंतप्रधानच राहिला. हे अलंकारिक नाही, खरोखरच खुर्चीवरून पडून. त्याचा कारभार हिटलर-मुसोलिनीसारखा गडगडाटी नव्हता. मिरवणुका कमी, फायली जास्त. पिदे नावाची गुप्त पोलीस यंत्रणा, कुणाचं काय छापायचं ते ठरवणारी सेन्सॉरची निळी पेन्सिल, आणि शाळेच्या भिंतीवर एक नकाशा. १९३४ साली काढलेल्या त्या नकाशात अंगोला आणि मोझांबिक उचलून युरोपच्या अंगावर पसरले होते, आणि वर लिहिलं होतं की पोर्तुगाल लहान देश नाही. त्या निळ्या पेन्सिलीची सावली गोव्यातही होती. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, तिथे लग्नपत्रिकाही आधी दाखवून मंजूर करून घ्यावी लागे. आजीच्या लग्नाची पत्रिका बांद्याहून, सासरच्या बाजूने छापली ती त्यासाठीच, असं घरात बोललं जातं.

१९६० नंतर सगळ्या युरोपीय सत्ता आफ्रिकेतून काढता पाय घेत होत्या. सालाझार घेईना. त्याचं म्हणणं असं की आमच्या वसाहती नाहीतच, ते पोर्तुगालचे समुद्रापलीकडचे प्रांत आहेत. गोवाही तसाच एक प्रांत. प्रांताला स्वातंत्र्य कसलं द्यायचं? शब्दाचा खेळ वाटतो, पण या एका शब्दापायी १३ वर्षं युद्ध चाललं. १९६१ला अंगोलात बंड झालं, १९६३ला गिनीत, १९६४ला मोझांबिकमध्ये. पोर्तुगालसारख्या छोट्या, गरीब देशाची तीन आघाड्यांवर लढाई. तरुण पोरांना सक्तीने सैन्यात घेत, अनेकांची चार-चार वर्षं त्यात जात. ज्यांना ते नको होतं ती रात्रीची सीमा ओलांडून फ्रान्सला पळत.

आणि या सगळ्यात दर वसंतात युरोव्हिजनला एक गाणं जायचं. १९६७ साली गेला एदुआर्दो नासिमेंतो, अंगोलाचा कृष्णवर्णीय गायक. अंगोलात गोळ्या झडत असताना अंगोलाचाच माणूस पोर्तुगालचा प्रतिनिधी म्हणून युरोपच्या टीव्हीवर. ही निवड वरून झाली होती अशी बोलवा तेव्हापासून आहे. ती खरी असो वा नसो, राजवटीला हे चित्र सोयीचं होतं एवढं नक्की. नासिमेंतोचं गाणं मात्र सुरेख आहे, वाऱ्याची दिशा बदलल्याबद्दलचं, आणि ते ऐकताना मला त्या राजवटीचा विसर पडतो. त्याच्यावर अन्याय नको.

१९६९ साली सिमोने द ऑलिव्हेरा गेली. तिचं गाणं लिहिलं होतं आरी दोस सांतोस या कवीने. बाई स्वतःच्या शरीराबद्दल, स्वतःच्या सुखाबद्दल मोकळेपणी बोलते अशी ओळ त्यात होती आणि पोर्तुगालमधल्या सोवळ्या मंडळींनी गदारोळ केला. माद्रिदमध्ये त्या गाण्याला ४ गुण मिळाले. पोर्तुगाल चिडलं आणि पुढच्या वर्षी गेलंच नाही. मग १९७३ साली आरी दोस सांतोसनेच लिहिलेलं 'तोरादा' गेलं. विषय बैलांची झुंज. ऐकायला जत्रेतलं गाणं, पण रिंगणातले लोक म्हणजे कोण हे पोर्तुगालमध्ये ज्याला कळायचं त्याला कळत होतं. निळ्या पेन्सिलीला ते कळलं नाही, किंवा कळूनही उशीर झाला. हुकूमशाहीत लिहिणाऱ्यांची एक जातच तयार होते, सेन्सॉरच्या नाकाखालून माल नेणारी. आपल्याकडे आणीबाणीत वर्तमानपत्रांनी कोऱ्या चौकटी छापल्या होत्या, त्याच जातीतलं हे.

१९७४चं गाणं मात्र तसं नव्हतं, आणि गंमत इथेच आहे. 'ए देपोइश दो अदेउश'मध्ये काही म्हणता काही लपवलेलं नव्हतं. संगीत जोझे काल्व्हारियोचं, शब्द जोझे निझाचे. गायक पाउलो द कार्व्हालो २६ वर्षांचा, मूळचा ड्रमर, 'शेख्स' नावाच्या बीट बँडमधून आलेला. सेन्सॉरला आक्षेप घ्यायला जागाच नव्हती, कारण गाणं खरोखर प्रेमाबद्दल होतं.

पण त्या प्रेमाचा पत्ता पाहा. निझा पेशाने डॉक्टर. युद्धात त्याला लष्करी डॉक्टर म्हणून अंगोलात पाठवलं होतं. तिथून तो बायकोला पत्रं लिहायचा आणि या गाण्याचे शब्द त्या पत्रांतल्या मजकुरातून उभे राहिले, असं या गाण्याबद्दल सांगितलं जातं. हे वाचल्यावर मी गाणं पुन्हा लावलं. शब्द तेच, चाल तीच. पण आता ते प्रेमभंगाचं राहिलं नव्हतं. घरापासून हजारो किलोमीटर दूर, नको असलेल्या लढाईत अडकलेल्या माणसाचं ते पत्र होतं. ज्या देशात घरटी एकजण आफ्रिकेत होता किंवा जाणार होता, तिथे निरोपाचं गाणं लोकांना कसं ऐकू येत असेल? अर्थ लपवायची गरजच नव्हती. तो ऐकणाऱ्याच्या घरात आधीच बसलेला होता.

त्या वसंतात पोर्तुगालमध्ये काय चाललं होतं ते पाहिलं की ब्रायटनचा रंगमंच फारच लांबचा वाटतो. सालाझार १९७० साली वारला होता आणि त्याच्या जागी आलेला मार्सेलो कायतानो थोडी ढील देतोय असं दाखवत जुनंच चालवत होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये गिनीचा माजी गव्हर्नर जनरल आंतोनियो द स्पिनोला याचं पुस्तक आलं. त्यात त्याने लिहिलं होतं की हे युद्ध लष्करी मार्गाने जिंकता येणार नाही. एकडोळा चष्मा लावणाऱ्या, राजवटीच्या लाडक्या जनरलने हे म्हणणं म्हणजे बॉम्बच. मार्चमध्ये त्याला काढलं. १६ मार्चला काल्दास द राइन्या गावातली एक पलटण लिस्बनवर चालून निघाली, पण बाकी कुणी उठलं नाही, आणि सुमारे २०० जणांना अटक झाली. बरोबर तीन आठवड्यांनी पाउलो द कार्व्हालो ब्रायटनला गायला उभा राहिला.

त्या वर्षी प्रत्येक देशाच्या दहा परीक्षकांनी आपल्याला आवडलेल्या एका गाण्याला एकेक मत द्यायचं, अशी पद्धत होती. म्हणजे ३ गुण याचा अर्थ शब्दशः तीन माणसं. सोळा देशांतल्या १६० परीक्षकांपैकी तिघांना ते गाणं सर्वांत चांगलं वाटलं. 'अ‍ॅबा'ला २४ जणांनी मत दिलं आणि त्यांचं पुढचं आयुष्य आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बाकी राजकारण त्या रात्री इतरांच्याही वाट्याला होतं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू वारले म्हणून फ्रान्स आलंच नाही. इटलीचं गाणं दुसरं आलं, पण त्याचं नाव होतं 'सी', म्हणजे 'हो', आणि इटलीत महिन्याभरात घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत होतं. गाणं ऐकून लोक 'हो'वर शिक्का मारतील या भीतीने तिथल्या टीव्हीने स्पर्धाच दाखवली नाही. एका प्रेमगीताला इतकं घाबरायचं! पोर्तुगालच्या राज्यकर्त्यांना तेवढी भीती असती तर बरं झालं असतं त्यांचं.

आता २४ एप्रिल. उठावाची आखणी करणारा मेजर ओतेलो साराइव्हा द कार्व्हालो (गायकाचा नातलग नाही, कार्व्हालो तिथे आपल्या पाटलांइतके आहेत) याच्यापुढे साधा प्रश्न होता. देशभरच्या छावण्यांत पसरलेल्या अधिकाऱ्यांना एकाच वेळी 'निघा' कसं सांगायचं? टेलिफोन पोलीस ऐकतात. काल्दासचा उठाव एकटा पडला तो याच कारणाने. रेडिओ मात्र सगळे ऐकतात, आणि रेडिओवर कोण कशासाठी ऐकतोय हे कुणालाच कळत नाही.

हे वाचताना मला आपल्या इकडचा एक रेडिओ आठवला. १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोघे सह्याद्रीच्या जंगलातून गोव्यासाठी गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते, कोंकणी आणि पोर्तुगीजमधून. सालाझारच्या राज्यात जे छापता येत नव्हतं ते हवेतून जायचं. आजीच्या माहेरी रेडिओ नव्हता, पण गावात एकाकडे होता आणि तो हळू आवाजात लावला जायचा, एवढं तिला आठवतं.

लिस्बनमध्ये ओतेलोच्या ओळखीचा एक निवेदक होता, जुआंव पाउलो दिनिझ. त्याने आपल्या स्टेशनवरून ठरल्या वेळी ठरलेलं गाणं लावायचं. बंदी असलेलं किंवा कुणाच्या भुवया उंचावतील असं गाणं चाललं नसतं. हवं होतं एक अगदी निरुपद्रवी, सगळ्यांना पाठ असलेलं, त्या महिन्यात रोज वाजणारं गाणं. युरोव्हिजनला जाऊन हरून आलेलं गाणं यात नेमकं बसलं. रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना दिनिझने वेळ सांगितली, गायकाचं आणि स्पर्धेचं नाव घेतलं आणि तबकडी लावली. कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. ज्यांना वाटायला हवं होतं त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या. खुद्द गायकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या स्टेशनचा पल्ला लिस्बनच्या आसपासचाच होता, म्हणून देशभरासाठी दुसरा इशारा ठरला होता. मध्यरात्री १२ वाजून २० मिनिटांनी रेडिओ रेनासेन्सा या चर्चच्या मालकीच्या स्टेशनवर 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' वाजलं. झेका अफोन्सोचं. हे नाव जगाला माहीत आहे. आजही युरोपात निदर्शनं झाली की लोक ते म्हणतात. खडीवर पडणाऱ्या पावलांच्या आवाजाने ते सुरू होतं आणि दक्षिणेतल्या एका गावातल्या कष्टकऱ्यांच्या बंधुभावाबद्दल बोलतं. २९ मार्चला लिस्बनच्या कोलिझेउ सभागृहात झेकाची इतर कित्येक गाणी सेन्सॉरने गाऊ दिली नव्हती, हे एक सुटलं होतं. हजारो लोकांनी ते त्याच्याबरोबर म्हटलं, आणि त्या गर्दीत काही लष्करी अधिकारीही होते.

क्रांतीचं गाणं म्हणून पुतळ्यावर, पोस्टरवर ग्रांदोला गेलं ते योग्यच आहे. ते क्रांतीसारखं दिसतं. पण पहिला धोका पत्करला तो त्या तीन मतांच्या गाण्याने. दिनिझने ते लावलं तेव्हा माघार घेण्याची संधी अजून होती. त्याचा अर्थ 'तयार राहा' एवढाच होता. ग्रांदोलानंतर परतीचा रस्ता नव्हता.

पुढचा दिवस तुम्ही फोटोंत पाहिलेला असतो. सांतारेंच्या घोडदळ शाळेतून कॅप्टन साल्गेइरो माइया सुमारे २४० सैनिक आणि चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरला. असं सांगतात की राजवट उलथवायला निघालेल्या या गाड्या वाटेत लाल सिग्नलला थांबल्या. मला हा प्रसंग फार आवडतो. पुण्यात हे घडलं असतं का, असा विचार येतो. रेडिओवरून सैन्य सांगत होतं, नागरिकांनी घरात राहावं. नागरिकांनी ऐकलं नाही. सेलेस्ते कायेरो नावाची बाई एका रेस्टॉरंटमध्ये कामाला होती. त्या दिवशी रेस्टॉरंटला एक वर्ष पूर्ण होत होतं म्हणून मालकाने कार्नेशनची फुलं आणली होती. उठाव झाला, रेस्टॉरंट बंद, तेव्हा फुलं घरी न्या म्हणाला. रस्त्यात एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. तिच्याकडे सिगारेट नव्हती, तिने फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराच्या बंदुकांत लाल फुलं होती. कायतानो कार्मोच्या बराकीत अडकला होता. संध्याकाळी त्याने स्पिनोलाकडे सत्ता सोपवली. रक्त अगदीच सांडलं नाही असं नाही. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चारजण मेले. फुलांच्या फोटोंत ते चौघे दिसत नाहीत.

दोनच दिवसांत कॅशियासचा तुरुंग उघडला आणि राजकीय कैदी बाहेर आले. कॅशियासचं नाव मराठी वाचकाला परकं नसावं. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे तिथेच होते. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा मुक्त झाला, रानडे मात्र मुक्त झाले नाहीत. त्यांना पोर्तुगालला नेलं होतं आणि जानेवारी १९६९ पर्यंत तिथेच ठेवलं. त्यांच्या सुटकेसाठी भारतात जी खटपट झाली तिच्या पुढे होते सुधीर फडके. हो, तेच. बाबूजी दादरा-नगरहवेलीच्या लढ्यातही होते. संगीतकारांनी या राजवटीशी भांडायचं, हा योग लिस्बनच्या आधी आपल्याकडे आलेला होता.

आणि गोव्याचा त्या उठावाशी आणखी एक धागा आहे, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सालाझारने तिथल्या तीन हजारांवर सैनिकांना कळवलं होतं की शरणागती नाही. एक तर जिंका, नाही तर मरा. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाने ते ऐकलं नाही. १९ डिसेंबरला त्याने शरणागती लिहून दिली आणि आपली माणसं वाचवली. गोव्यातली शहरं, देवळं, चर्चंही वाचली. १९६२ साली सुटून ते सैनिक घरी गेले तेव्हा त्यांचं स्वागत गुन्हेगारांसारखं झालं आणि पुढे व्हासालो ई सिल्व्हासह काही अधिकाऱ्यांना सैन्यातून हाकललं. पोर्तुगीज अधिकारी हे विसरले नाहीत. गिनीचं युद्ध हातचं चाललेलं दिसू लागलं तेव्हा त्यांना भीती होती ती हीच, की न जिंकता येणारं युद्ध आपल्या गळ्यात घालून हे लोक पराभवाचं खापर गोव्यासारखं पुन्हा आपल्यावर फोडणार. २५ एप्रिलच्या मागे आफ्रिका होती, पगार-बढतीच्या तक्रारी होत्या, थकवा होता. पण त्या सगळ्याखाली मांडवीच्या काठचीही एक आठवण होती.

क्रांतीनंतर व्हासालो ई सिल्व्हाला त्याचा हुद्दा परत मिळाला. १९८० साली तो गोव्यात येऊनही गेला, आणि लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, तेही मागच्या तारखेपासून, म्हणजे ते प्रदेश भारताच्या घटनेत आले त्या दिवसांपासून. पोर्तुगालकडून सही मारिओ सोआरेस यांची. आपल्याकडून परराष्ट्रमंत्र्यांची, आणि ते होते यशवंतराव चव्हाण, जे १९६१च्या डिसेंबरात शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १३ वर्षं कागदावर चाललेलं भांडण असं मिटलं. आजीला या कराराचा पत्ताही नव्हता. तिच्यासाठी ते १९६१च्या नाताळाआधीच मिटलं होतं, ज्या दिवशी ती मोठ्या मुलाला कडेवर घेऊन पत्रादेवीपलीकडे चालत गेली. माहेरी आई होती. वडिलांची खाट होती.

पोर्तुगालने १९७५ साली स्टॉकहोमला पाठवला दुआर्ते मेंदेस, उठावात स्वतः असलेला सैन्यातला कॅप्टन, आणि गाणं होतं पहाटेबद्दल. १६ गुण. युरोपला क्रांतीचं कौतुक होतं, गाण्याचं फारसं नव्हतं. १९७७ साली पाउलो द कार्व्हालो पुन्हा गेला, या वेळी एका गटातून, आणि पुन्हा तळाकडेच राहिला. देश पहिल्यांदा जिंकला २०१७ साली, कीव्हमध्ये, साल्व्हादोर सोब्राल या हळू आवाजाच्या मुलाने, बहिणीने लिहून दिलेल्या गाण्यावर. पदार्पणानंतर ५३ वर्षांनी.

गणपतीत बांद्याला गेले तेव्हा आजीला ते गाणं मोबाइलवर लावून दिलं. ती आता नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं, म्हणून फोन तिच्या कानाला धरला. शब्द तिला कळणं शक्य नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "आदेवस म्हणता तो." पेडण्याला शेजारी ख्रिस्ती घर होतं, तिथे ऐकलेला शब्द.

मी तिला सगळं सांगितलं. स्पर्धा, तीन मतं, रेडिओ, सैनिक, फुलं. फुलांपाशी ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं डुलकी लागली.

"गाणा बरा आसा," ती म्हणाली. "मगे हरला कित्याक?"